गेंड्याच्या पोटातलं रडणं

मी एक जुना, रंग उडालेला गेंडा आहे. जंगलातला नव्हे, चौकातला. दवाखान्याच्या कोपऱ्यावर, जिथे बस वळते तिथे, एका सिमेंटच्या ओट्यावर मी उभा असतो. माझं शिंग अर्धं मोडलं आहे, शेपूट केव्हाच कुणीतरी पळवलं आहे आणि डाव्या कुशीला एक भोक आहे. लहानसहान नाही, माणसाचा हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढं. येणारेजाणारे ते बघून हळहळतात. "कुणी फोडला हो हा? लोकांना कशाची म्हणून किंमत नाही," असं म्हणतात आणि बस आली की पळतात. मी ऐकून घेतो. मला उत्तर देता येत नाही, ही माझी जन्माचीच अडचण आहे. मित्रांनो, मला तुम्हाला त्या भोकाची गोष्ट सांगायची आहे. पण आत्मवृत्त म्हटलं की सुरुवात जन्मापासूनच करायला हवी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे प्राण्यांचे मोठमोठे साचे होते. साच्यात फायबरचं कापड अंथरायचं, त्यावर चिकट रसायनाचा हात फिरवायचा, वाळलं की पुन्हा कापड, पुन्हा हात. असा मी दोन अर्ध्या भागांत तयार झालो आणि शेंगेची टरफलं मिटावीत तसे ते दोन भाग जोडून माझा एक गेंडा झाला. जोडाच्या जागी आतून जाड पट्ट्या मारल्या. पोटाखाली मात्र परातीएवढं एक भोक ठेवलं, पुढे मला खांबावर बसवता यावं म्हणून. एखादा माणूस फारच निगरगट्ट असला की तुम्ही म्हणता, याची गेंड्याची कातडी आहे. माझी कातडी बोटाच्या पेराएवढीसुद्धा जाड नव्हती. आणि कातडीच्या आत काहीच नव्हतं, नुसता अंधार. मी पोकळ होतो आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

त्या वर्षी शहराच्या कारभाऱ्यांनी एक बेत केला होता. प्रत्येक वस्तीला एकेक कोरा, पांढरा प्राणी द्यायचा. वस्तीतल्या लोकांनी तो मिळून रंगवायचा आणि आपल्या चौकात उभा करायचा. मग साऱ्या शहराने हातात नकाशा घेऊन एका प्राण्यापासून दुसऱ्या प्राण्यापर्यंत पायी हिंडायचं. या फिरस्तीला त्यांनी चित्रवाट असं छान नाव दिलं होतं. ज्या वस्तीचा प्राणी सर्वांत सुंदर ठरेल, तिला तिच्यातली एखादी रिकामी खोली कायमची चित्रशाळा म्हणून मिळणार होती.

आमच्या वस्तीने मोर मागितला होता. टेम्पोतून उतरलो मी. लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली. "मोर सांगितला आणि हे काय धूड पाठवलंय!" असं म्हणत सगळे माझ्याभोवती फिरले. शेवटी बाई पुढे आल्या. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी त्यांच्या आवाजातली घंटा सुटली नव्हती. त्या म्हणाल्या, "चला, दुधाची तहान ताकावर भागवू. उचला त्याला." आणि मला उचलून बंद पडलेल्या छापखान्याच्या खोलीत नेलं.

त्या खोलीच्या फरशीवर जुन्या शाईचे डाग होते आणि यंत्रं उखडून नेल्याच्या खुणा होत्या. टायर आणि पोती अंथरून मला एका कुशीवर आडवं केलं. मग माझी वाटणी सुरू झाली. तोंड सगळ्यांना हवं होतं, पाठीमागचा भाग कुणालाच नको होता. तोंड अर्थातच बाईंना मिळालं. पाठ पेंटरकाकांना मिळाली. पेंटरकाकांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. अक्षराखाली सावली काढायची सवय हाताला इतकी जडलेली, की त्यांनी माझ्या पाठीवर काढलेल्या पक्ष्यांनाही सावल्या आल्या, उडत्या पक्ष्यांना! लोक हसले. पेंटरकाकाही हसले, पण सावल्या त्यांनी पुसल्या नाहीत.

सगळं वाटून झाल्यावर वहिनी आल्या. साऱ्या वस्तीच्या त्या वहिनी होत्या, म्हणून मीही त्यांना वहिनीच म्हणतो. त्यांचं घर चौकासमोरच, वरच्या मजल्यावर. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना काही लागलं की त्या उशाशी ठेवलेल्या वाटीवर चमचा वाजवत. त्यामुळे वहिनींचं जग म्हणजे स्वयंपाकघर, आजारी माणसाची खोली आणि खाली औषधाचं दुकान, एवढंच. सासूबाईंचा दुपारी डोळा लागला की त्या वाटी ऐकू यावी म्हणून खिडकी उघडी टाकून धावत शेजारच्या छापखान्यात यायच्या. त्यांच्या वाट्याला माझी डावी कूस उरली होती, कारण आडवं केल्यामुळे ती वर आली होती आणि तिथे ओणवं राहून काम करावं लागे.

त्यांनी काय काढावं? बाईंनी फुलं सुचवली, पेंटरकाकांनी सूर्यास्त. वहिनींनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे दिसतं ते काढलं. समोरची गच्ची, पाण्याची टाकी, तिच्यातून ठिबकणारा नळ, वाळत घातलेले कपडे, तारेवर एक कावळा आणि वर हातरुमालाएवढं आभाळ. "हे काय काढायचं असतं का?" असं कुणीतरी म्हणालं. वहिनी म्हणाल्या, "बारा महिने मी हेच बघते. मला हेच येतं." त्या एकेका कपड्याची घडी, चिमटा, ओला काठ असं सगळं बारीक ब्रशने रंगवत बसायच्या. मध्येच ब्रश थांबायचा, मान वर व्हायची, आणि "आईंनी बोलावलं," म्हणत त्या पळायच्या. खोलीत दहा माणसांचा गलका असायचा, वाटीचा आवाज कुणालाच आलेला नसायचा. "वहिनींचे कान सशाचे आहेत," असं पेंटरकाका चेष्टेने म्हणत.

रंगकाम संपलं. वरून चकाकीचा हात दिला, आणि धूळ बसू नये म्हणून खोलीला कुलूप लावून सगळे घरी गेले.

मित्रांनो, त्या कुलूपबंद दिवसांत माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं सुख माझ्याकडे चालत आलं. मागच्या फुटक्या तावदानातून एक करडी मांजर आत आली. तिने मला हुंगलं, भिंतीकडच्या बाजूने फिरून माझ्या पोटाचं भोक शोधलं, आत शिरली, अंधारात गोल गोल फिरून जागा पक्की केली. आणि तिथे तिला दोन पिल्लं झाली. मी पोकळ म्हणून झुरत होतो, आता माझ्या पोटात ऊब होती, घुरघुर होती, बारीकसं चुटुचुटू दूध पिणं होतं. मला वाटलं, असंच आडवं पडून राहावं, कुणी उचलू नये, कुणी बघूसुद्धा नये.

पण मला घडवलं होतं ते बघण्यासाठीच. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मांजर पोटापाण्यासाठी बाहेर गेली असताना कुलूप उघडलं. माणसं घाईत होती. क्रेन दुसऱ्या वस्तीत उंट उभा करायला जाणार होती, म्हणून इथलं काम लवकर उरकायचं होतं. दोर बांधले, मला उभं केलं. पिल्लं झोपेतच घरंगळली आणि किंचाळली. पण क्रेनच्या घरघरीत कुणाला काय ऐकू जाणार! चौकात ओटा तयार होता. पोटाखालच्या भोकावर जाड लोखंडी पत्रा बसला, पत्र्याखाली खांब, खांबाखाली ओलं सिमेंट. बोल्ट आवळले आणि कुणी चोरून नेऊ नये म्हणून त्यांची डोकी वितळवून पक्की केली. एकानेही आत वाकून पाहिलं नाही. पोकळ गेंड्याच्या आत बघायचं तरी काय असतं?

पत्र्याच्या फटीतून जेमतेम हवा येत होती. मी ओरडायला गेलो, पण माझं तोंड बाईंनी छान गुलाबी ओठ काढून मिटवलेलं होतं. मला चार पाय होते आणि एकही उचलता येत नव्हता. तुमच्यापैकी कुणी कधी चुकून खोलीत कोंडलं गेलं असेल, तर दार बडवून तरी बघितलं असेल. मी कोंडलेलाही होतो आणि दारही मीच होतो.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. माणसं नकाशे घेऊन येऊ लागली. आणि मांजर आली. तिने ओट्यावर उडी मारली, माझ्या पायांना अंग घासलं, खांबावर नखं ओढली आणि तोंड वर करून रडू लागली. लोकांना केवढी मौज वाटली! "बघा बघा, मांजरालासुद्धा आपला गेंडा आवडला!" असं म्हणून सगळे तिचे फोटो काढू लागले. कुणी बशीत दूध आणून ठेवलं. तिने तोंड लावलं नाही. ती हुसकावली तरी परत येई आणि जितकी कळवळून रडे तितकी गर्दी वाढे. बाईंनी तर भाषणात सांगून टाकलं, "मुक्या प्राण्यालाही कलेची भाषा कळते, याहून मोठा पुरावा कोणता हवा?" टाळ्या पडल्या. आत पिल्लं आईचा आवाज ऐकून माझ्या भिंतींना पंजे मारत होती. माझी स्तुती चालली होती, आणि आयुष्यात इतकं लाजिरवाणं मला कधी वाटलं नाही.

दुपारचं ऊन वाढलं तशी माझी पातळ कातडी तापली. पोटात भट्टी झाली. संध्याकाळपर्यंत दोन रडण्यांपैकी एकच उरलं.

वहिनी उद्घाटनाला आल्या नव्हत्या. सासूबाईंना ताप भरला होता. त्या आल्या दुसऱ्या दिवशी, दवाखान्यातून औषध घेऊन परतताना. परीक्षक थोड्याच वेळात येणार होते, म्हणून बाई, पेंटरकाका आणि वहिनींचे यजमान ओटा पुसून घेत होते. वहिनी क्षणभर आपल्या चित्राकडे बघत उभ्या राहिल्या. मांजर त्यांच्या पायात घुटमळत होती. आणि त्यांची मान तशीच वर झाली, जशी वाटी वाजल्यावर व्हायची. औषधाची पिशवी खाली ठेवून त्यांनी माझ्या कुशीला कान लावला.

"आत कोणीतरी आहे," त्या म्हणाल्या.

"पोकळ आहे तो, वहिनी," पेंटरकाका म्हणाले. "वारा घुमतो आत."

"वारा थांबून थांबून रडत नाही, काका."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, किती दिवस झोप नाहीये तुला. असे भास होतात. घरी जा, जरा पड."

यजमान तर ओशाळले होते. "चल ना घरी. लोक बघतायत. आईला औषध द्यायचंय."

वहिनी हलल्या नाहीत. मी मनातल्या मनात म्हणत होतो, जाऊ नका, वहिनी, जाऊ नका. त्यांनी मांजरीकडे पाहिलं, तिच्या पोटाशी दुधाने तटतटलेल्या सडांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. "अहो, ही गेंड्यासाठी नाही रडत. हिची पिल्लं आत आहेत. तुम्ही पिल्लांसकट पत्रा ठोकलाय!"

आता मात्र पेंटरकाकांनीही कान लावला. बराच वेळ त्यांना काही ऐकू आलं नाही. मग त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. खालचा पत्रा निघण्यासारखा नव्हता. क्रेन शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. जोडाच्या जागा आतल्या पट्ट्यांमुळे जाड होत्या. पातळ जागा एकच, डावी कूस. पेंटरकाका म्हणाले, "तिथे तुमचं चित्र आहे, वहिनी. परीक्षक बघून जाऊ देत, मग लगेच कापू. तासाभराचा प्रश्न आहे."

"तासभर तुम्ही बसता का आत?" वहिनी म्हणाल्या. बाई छापखान्याच्या खोलीबद्दल काहीतरी बोलणार होत्या. चित्रशाळा मिळाली तर त्या खोलीत सर्वांत जास्त वहिनीच येऊन बसणार होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींनी त्यांना बोलूच दिलं नाही. "माझं चित्र आहे ना? मग मीच सांगते. कापा. कुठूनही कापा, पण आत्ता."

पेंटरकाकांनी आपल्या पाट्यांच्या दुकानातून छिद्र पाडायचं यंत्र आणि करवतीचं पातं आणलं. मोठं यंत्र चालवलं तर आतल्या जिवाला लागेल, म्हणून छिद्र पाडून हातानेच कापायचं ठरलं. पातं कपड्यांच्या तारेवरून गेलं, कावळा दुभंगला, टाकी गेली, हातरुमालाएवढ्या आभाळाचा तुकडा खाली पडला. मला दुखलं का, असं विचाराल तर नाही. मला हायसं वाटत होतं. वहिनींच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं आणि त्या "अजून थोडं, अजून थोडं," म्हणत होत्या.

त्यांनी भोकात हात घातला. माझ्या कापलेल्या कडांचे धागे सुईसारखे त्यांच्या दंडात शिरले. त्यांनी पिल्लू बाहेर काढलं. ते हलत नव्हतं. एवढंसं करडं अंग, पाय ताठ झालेले. यजमान हळूच म्हणाले, "संपलं गं. चल आता, पुरे झालं."

वहिनींनी पिल्लू ओंजळीत धरून ठेवलं आणि मान हलवली. "हे कधीच गार झालंय. मघाशी रडलं ते हे नाही."

त्यांनी ते पदरात ठेवलं आणि पुन्हा हात घातला, कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल माझ्या कुशीला टेकला होता, डोळे मिटले होते. दुसरं पिल्लू माझ्या पुढच्या पायाच्या पोकळीत घसरून अडकलं होतं. किती वेळ त्या तशा चाचपडत होत्या कोण जाणे. मग त्यांचा श्वास थांबला आणि त्या म्हणाल्या, "हाताला चिकटलं. धरलंय त्यानं मला." पिल्लू बाहेर आलं तेव्हा त्याचे डोळेसुद्धा नीट उघडलेले नव्हते. मांजरीने ते वहिनींच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि तिथेच ओट्यावर पडून चाटायला लागली. या खेपेला कुणी फोटो काढला नाही.

परीक्षक आले. त्यांनी माझं फाटलेलं पोट पाहिलं, वहीत काहीतरी खरडलं आणि पुढे गेले. बक्षीस कासवाच्या वस्तीला मिळालं. छापखान्याच्या खोलीला पुन्हा कुलूप लागलं. काही दिवस लोक वहिनींशी जरा घुश्शातच बोलत. बाई मात्र एका सकाळी एकट्याच आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि वर खिडकीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "अगं, माझं ते भाषण विसरून जा." एवढंच. बाईंच्या तोंडून एवढंही मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी वहिनी घरी गेल्या तेव्हा काय झालं, तेही मला समोरच्या उघड्या खिडकीतून ऐकू आलं होतं. सासूबाई बराच वेळ वाटी वाजवत होत्या आणि कुणी गेलं नव्हतं. वहिनींनी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. म्हातारीने चमचा वाटीत टाकला. मग म्हणाली, "माझ्याकडे वाटी तरी आहे गं. त्या बिचाऱ्यांकडे काय होतं?" आणि फायबरच्या धाग्यांनी सुजलेला सुनेचा दंड तिने जवळ ओढून घेतला.

पुढे चित्रवाट संपली. कासव बागेत गेलं, उंट एका मोठ्या कचेरीच्या दारात गेला, घुबड ग्रंथालयात. फाटका गेंडा कुणालाच नको होता, म्हणून मी इथेच राहिलो. माझे रंग उन्हाने खाल्ले. पेंटरकाकांच्या पक्ष्यांच्या नुसत्या सावल्या उरल्या. मुलं शिंगाला लोंबकळतात, मोठी माणसं बसची वाट बघताना भोकात कागद, तिकिटं, केळ्याची सालं टाकतात. वहिनी येताजाता हात घालून तो कचरा काढून टाकतात. पिल्लाला घेऊन गेलेली मांजर काही आभार मानायला परत आली नाही. मांजरींना असल्या गोष्टी ठाऊक नसतात आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही. मी अजून खांबाला जखडलेलाच आहे. मला इथून हलता येणार नाही, हे मी आता धरून चाललो आहे.

मित्रांनो, आम्हा चित्रांना आणि पुतळ्यांना जपा, असं तुम्ही मोठ्या माणसांकडून ऐकलं असेलच. जपा, मलाही ते आवडेल. पण माझं मागणं थोडं वेगळं आहे. कुठलंही झाकण लावण्याआधी, कुठलंही दार ओढून घेण्याआधी एकदा आत वाकून बघत जा. कुणी रडत असेल तर त्याला किती आनंद झालाय ते ठरवून टाकू नका. आणि आत कोणीतरी आहे असं कुणी म्हणालं, तर तिला भास होतोय म्हणून घरी पाठवू नका. तुमचाही कान लावून बघा.

वाचलेल्या पिल्लाची गोष्ट या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. येणाऱ्या पाहुण्यांना ती कौतुकाने सांगतात. पण मित्रांनो, पहिलंही रडलं होतं. टाळ्या वाजत होत्या तेव्हा ते रडत होतं, भाषण चाललं होतं तेव्हा रडत होतं, ऊन उतरेपर्यंत रडत होतं. ते ऐकणारा मी एकटाच होतो. म्हणून आज ही गोष्ट सांगितली.